रिकामी गाडगी

फार पूर्वी, उसाच्या मळ्यांनी वेढलेल्या एका गावात एक गुळव्या राहत असे. गुऱ्हाळही त्याचंच होतं. उकळत्या पाकाचा थेंब गार पाण्यात टाकायचा, बोटांत त्याची गोळी वळली की काहील उतरवायची, या कामात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता.

पण एका वर्षी त्यानं घाई केली. काहील लवकर उतरवली, आणि बाजारात फडकं सोडताच ढेप जागच्या जागी खचली. पातळ पाक पाटावर पसरला. लोक जमले, बोटं बुडवून चाटू लागले, एकमेकांकडे बघून हसू लागले. गुळव्याला त्यातलं फक्त हसणं दिसलं. माल तिथंच टाकून तो खाली मान घालून घरी आला.

पुढच्या हंगामात त्यानं बायकोला सांगून ठेवलं, यंदा गूळ बिघडला तर चुलाण कायमचं विझवायचं. मग काय, दिवसभर गुळव्या काहिलीत डोळे घालून उभा. गोळी वळली तरी विश्वास बसेना. अजून थोडं आटू दे, अजून थोडं, असं त्याचं चालायचं.

अशात एक म्हातारी रिकामं गाडगं घेऊन आली. म्हणाली, "बाबा, मागल्या वर्षीसारखं पातळ काही झालंय का?"

गुळव्याला वाटलं, ही टोमणा मारतेय. गूळ हवा असेल तर घ्या, नाही तर वाट धरा, असं त्यानं तिला फटकारलं. दुसऱ्या दिवशी लग्नघरचा एक माणूस हंडा घेऊन आला. मग एक गाडीवान आला, त्याच्या बैलगाडीत तर मडकीच मडकी. त्यांचंही विचारणं तेच. सगळे हात हलवत परत गेले.

गुळव्या पार चक्रावला. चेष्टाच करायची तर तोंड पुरे होतं, मडकी कशाला आणायची? एवढ्या लांबून हंडा उचलून कोणी चेष्टा करायला येतं का? आणि चेष्टा नसेल, तर मग आहे तरी काय? जेवताना त्यानं बायकोला विचारलं. ती म्हणाली, मला कसं कळणार, त्यांनाच विचारा. पण त्यांना विचारायचं म्हणजे मागच्या वर्षीचा विषय काढायचा. त्यापेक्षा न कळलेलं बरं, असं त्यानं ठरवलं. अशी माणसं काही कमी नसतात.

या गोंधळात व्हायचं तेच झालं. आटवता आटवता पाक करपला. गूळ काळा आणि कडू झाला, कोणी हात लावेना. गुळव्यानं चुलाण विझवलं आणि काहिलीला गिऱ्हाईक बघायला बाजार गाठला.

तिथं एका दुकानासमोर ही गर्दी. सगळ्यांच्या हातात गाडगी, हंडे, मडकी. शेजारच्या गावचा गुऱ्हाळवाला पळीपळीनं पातळ पाक ओतत होता. गर्दीत ती म्हातारीही होती. गुळव्यानं तिला बाजूला घेऊन विचारलं, हा काय प्रकार आहे?

म्हातारी म्हणाली, "मागल्या वर्षी तू टाकून गेलास, ते आम्ही घरी नेलं. भाकरीबरोबर खाल्लं, पोरांनी भांडी पुसून चाटली. यंदा तुझ्याकडेच मागायला आलो, तर तू अंगावर धावलास. शेवटी याला सांगितलं."

गुळव्याला काही उमजेना. "मग त्या दिवशी तुम्ही सगळे हसत का होता?"

"गोड लागलं म्हणून, बाबा. दुसरं कशाला हसू?"

म्हातारीनं गाडगं पुढं केलं. गुळव्यानं बोट बुडवून जिभेवर ठेवलं आणि त्याचे डोळे भरून आले. आपल्या हातून बिघडलेलं ते त्यानं एकदाही चाखून पाहिलं नव्हतं.

तात्पर्य: मागच्या फजितीची धास्ती मनात धरून बसलं, की दारात आलेलं गिऱ्हाईकही टवाळखोर वाटतं.