नातालबायचं उत्तर

खाडीवर पूल नव्हता, गावात शाळा नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. आमच्या खाजणपाड्यात नातालबाय नावाची बाई मिठागरावर राबायची. एकटीच होती, ना नवरा, ना मूल. आणि चौकस इतकी, की तिला प्रश्न पडला की फादरसुद्धा वाट बदलायचे, असं म्हणतात.

त्या वर्षी पटकीची साथ आली. एका घरातली सगळी माणसं गेली आणि पाळण्यात तेवढं एक तान्हं पोर उरलं. फादरनी ते उचललं आणि बाप्तिस्म्यासाठी चर्चमध्ये आणलं. लोक आले, पण दारापाशीच थबकले. पटकीच्या घरचं पोर, हात कोण लावणार?

बाप्तिस्म्याची रीत अशी, की प्रश्न बाळालाच विचारायचा. फादरनी विचारलं, "बस्त्याव, तुला बाप्तिस्मा हवा का?" तान्हं पोर काय बोलणार? त्याच्या वतीनं धर्ममातेनं बोलायचं असतं, पण धर्ममाता व्हायला कोणी पुढे येईना. सगळे आपापल्या पायांकडे बघत उभे राहिले.

बाळाच्या जिभेवर ठेवायचं चिमूटभर मीठ द्यायला नातालबाय तेवढ्यात आली होती. तिनं बाळाकडे पाहिलं आणि म्हणाली, "हो, हवा." मग तिनंच त्याला हातात घेतलं. फादरनी त्याच्या डोक्यावर पाणी ओतलं, जिभेवर मीठ ठेवलं, आणि बस्त्यावनं असं काही तोंड वेडंवाकडं केलं, की दारातली माणसंही हसली.

बाळ तिच्याच घरी वाढू लागलं. पण तिला चैन पडेना. ती फादरना गाठून म्हणाली, "फादर, विचारलं त्याला आणि हो म्हटलं मी. मी खोटं बोलले का?"

फादर म्हणाले, "नाताल, देव त्याला आधीच आपला म्हणतो, त्याला कळायची वाट बघत नाही. तू फक्त त्याची जामीन राहिलीस. पुढे कधीतरी हो त्यानं स्वतः म्हणायचं."

"आणि नाहीच म्हणाला तर?"

त्यावर फादरनी वाट बदलली. मग तिनं पोरालाच विचारायला सुरुवात केली. रांगायला लागला तेव्हा विचारलं, तर त्यानं तिचं बोट चावलं. बोलायला लागला तेव्हा विचारलं, तर म्हणाला, "भात दे." असली उत्तरं ऐकून ती पोट धरून हसायची, पण वाट बघणं काही सोडायची नाही.

पोरगा मोठा झाला तो मात्र भलताच उनाड. कोणाची जाळी काप, कोणाचं शीड पळव. लोक तिच्या दारात येऊन विचारायचे, "ह्याचा जाब कोण देणार?" ती म्हणायची, "मीच." आणि फाटलेली जाळी मांडीवर घेऊन विणत बसायची. पोरावर तिचा फार जीव होता.

एकदा ती रागावली तेव्हा बस्त्याव म्हणाला, "बाय, मला कोणी विचारलं होतं? पाणी तुम्ही ओतलंत, हो तुम्हीच म्हणालात. माझा काय संबंध?"

"दूध पाजलं तेव्हाही नव्हतं विचारलं, बाबा," ती म्हणाली.

तो खाडीतल्या एका शिडाच्या मचव्यावर चढला आणि निघून गेला. वर्षं गेली, निरोपही आला नाही. आपलं ते हो खोटंच ठरलं, असं तिला वाटू लागलं आणि त्या विचारानं ती खंगली.

मग एका पावसाळ्यात असं उधाण आलं, की भातशेती राखणारा खाडीचा बांध फुटला. लोक पोरंबाळं घेऊन चर्चच्या टेकडीवर धावले. म्हातारी नातालबाय तेवढी पाटीत चिखल भरून भगदाडात ओतत राहिली. कोणी ओरडून सांगितलं, "बाय, एकटीनं काय होणार?" ती म्हणाली, "खारं पाणी शिरलं तर पोरं खातील काय?" आणि पुन्हा पाटी भरली. असं म्हणतात, की भरती तिच्या कमरेपर्यंत चढली आणि तिथेच थांबली. अख्खी खाडी जणू तिच्यासाठी खोळंबली.

त्याच वादळात एक मचवा आसऱ्याला खाडीत शिरला. त्यातून एका माणसानं उडी टाकली आणि पोहत येऊन तिच्या हातातली पाटी घेतली. तो बस्त्याव होता. तिनं विचारलं, "तुला कोणी बोलावलं रे?"

"कोणी नाही. मीच आलो."

ती त्याच्याकडे बघत राहिली. मग तोच प्रश्न तिनं पुन्हा विचारला, "बस्त्याव, तुला बाप्तिस्मा हवा का?"

"हो, बाय," तो म्हणाला, "हवा."

त्याला पाहून टेकडीवरचे लोकही खाली आले आणि सगळ्यांनी मिळून भगदाड बुजवलं. ओहोटी लागली तेव्हा नातालबाय बांधाला टेकून बसलेली होती. ती गेली होती, आणि तिचा चेहरा हसरा होता, असं म्हणतात.

आजही खाजणपाड्यात बाप्तिस्मा असला की फादर बाळाला प्रश्न विचारतात आणि थांबतात. धर्ममाता लगेच बोलत नाही. सगळं चर्च बाळाकडे बघत गप्प राहतं. बाळ कधी रडतं, कधी जांभई देतं. मग धर्ममाता हो म्हणते, आणि जेवणाच्या पंगतीला बसण्याआधी बांधावर जाऊन चिखलाची एक पाटी टाकून येते. अंगावर नवीकोरी साडी असते. तिला चिखल लागतो, आणि ती तशीच पंगतीत येऊन बसते.