एकुलतं एक डोकं

सगळ्यांनी मिळून रुग्णसेवा कशी करायची, याचं प्रशिक्षण होतं आणि बोलत होते एकटे डॉ. रणदिवे. आजवर कुणी अडवलं नव्हतं, म्हणून ही मिजास. नर्सिंगच्या शिल्पानं एक सूचना केली, तर म्हणाले, "टीमला डोकं एकच, डॉक्टरचं. मी सांगेपर्यंत कुणी हलायचं नाही. पुन्हा तोंड उघडलंस तर नापास."

सरावात बेशुद्ध पेशंटही तेच झाले. दुसऱ्या कुणाला जमलं नसतं म्हणे. चौघांनी स्ट्रेचर उचललं. जिन्याच्या मधोमध शिल्पानं खुणावलं, तसे सगळे थांबले. स्ट्रेचर तिरकं, साहेब घसरायला लागलेले.

"थांबलात काय? चला."

"बेशुद्ध पेशंट हुकूम देत नसतो, सर. डॉक्टरांची वाट बघतोय."

"अगं, डॉक्टर मीच ना?"

"तेच तर. टीमचं एकुलतं एक डोकं बेशुद्ध पडलंय. आता आम्ही तोंड उघडलं तर चालेल?"

साहेबांनी निमूट मान हलवली. मगच स्ट्रेचर हललं.