तेलाचा डाग

देहाडराय वकील जाऊन बारा वर्षं झाली, पण परतूरच्या कोर्टात जुन्या कागदावर तेलाचा डाग दिसला, की कारकून अजून म्हणतात, "हा त्यांचाच!" आई नसलेल्या नातीच्या केसांना तेल लावून, वेणी घालूनच वकील कोर्टात येत आणि घाईत हात पुसायचे राहून जात.

एकदा सहा वर्षांच्या पोरक्या मंदाचा ताबा कुणाकडे द्यायचा, असा खटला उभा राहिला. तिला वर्षभर आपल्या बंगल्यात ठेवलेले चुलते, बागाईतदार भाऊसाहेब एकीकडे. त्याआधी तिला सांभाळलेले तिच्या आईचे वडील, म्हातारे पोस्टमन रखमाजी दुसरीकडे. रखमाजींचे वकील देहाडराय.

साक्षीला उभे राहिलेले भाऊसाहेब वकिलांच्या हातातला डागाळलेला कागद पाहून हसले. "वकीलसाहेब, भजी तळून आलात काय? पोरीला मी तळहाताच्या फोडासारखं जपतोय. अजून काय पुरावा पाहिजे?"

"काही नको," वकिलांनी कोटाच्या खिशातून फणी काढली. "फक्त तिची वेणी घाला."

भाऊसाहेबांनी मंदाच्या केसांत फणी अशी अडकवली, की पोर कळवळली. घाम पुसत ते फणकारले, "असली कामं आमच्याकडं मोलकरीण करते!"

वकील न्यायाधीशांकडे वळले. "साहेब, मग ताब्याचा अर्ज मोलकरणीनं करायला हवा होता."

कोर्टात हशा पिकला. तेवढ्यात मंदा फणी घेऊन उठली आणि सवयीनं रखमाजींपुढे पाठमोरी जाऊन बसली.

न्यायाधीशांनी लेखणी उचलली, पण वेणी पुरी होईपर्यंत निकाल लिहिला नाही.