रमिलाबाईंची शाळा प्रशिक्षणाला जाते

सातपुड्यातल्या एका पाड्यावर रमिलाबाई वसावे एकट्याच शाळा चालवायच्या. दुसरा शिक्षक मागून मागून त्या थकल्या. शिक्षक काही मिळेना, पण मुख्याध्यापकांना सक्षम करणारी प्रशिक्षणं मात्र उठसूट मिळत. बाई तालुक्याला गेल्या की शाळेला कुलूप. या वेळी तर गैरहजर राहिल्यास कारवाई होईल, अशी तंबीही होती. मग बाईंनी आईबापांना विचारून जीप ठरवली आणि सगळी मुलं घेऊनच सभागृह गाठलं. मागे सतरंजी अंथरून पाढे सुरू झाले.

व्यासपीठावर शिक्षणाधिकारी खर्डेकर नेतृत्वावर बोलताना रंगात आले होते. ते भडकले.

“बाई, हा काय बाजार मांडलाय? शाळा सहकाऱ्यांवर सोपवून यायचं असतं. कामं वाटून देणं, हेच तर नेतृत्व.”

रमिलाबाई शांतपणे उठल्या. “वाटून दिली आहेत, साहेब. मुख्याध्यापिका तुमचं भाषण ऐकतेय आणि शिक्षिका मुलांचे पाढे घेतेय. आता दोन्ही मीच, म्हणून दोघींना एकाच जागी यावं लागलं.”

सगळं सभागृह हसलं. खर्डेकरांनी पेला तोंडाला लावला आणि रिकामाच आहे हे कळूनही बराच वेळ पीत राहिले.

महिनाभरात पाड्यावर दुसरा शिक्षक रुजू झाला. पुढचं प्रशिक्षण द्यायला खर्डेकर स्वतः शाळाशाळांवर फिरले, कारण इतर पाड्यांवरचे गुरुजीही आता जीपची चौकशी करू लागले होते.