हत्तीची पाळी

बालमित्रांनो, एका रुंद नदीच्या काठी एक दाट अरण्य होते. त्या अरण्याचा राजा मात्र तिथे राहत नसे. तो सिंह पैलतीरावर राहायचा आणि ऐलतीरावरच्या कुणीही त्याला कधी पाहिले नव्हते. त्याच्या नावाने एक लांडगा इथे कारभार करी. त्याच अरण्यात एक साळू राहत होती. पाठीवर लांब काटे असले, तरी स्वभावाने ती अगदी भित्री होती. एके दिवशी लांडग्याला तिचे टेकडीखालचे गार बीळ आवडले आणि त्याने ते सरळ बळकावले. साळूने घाबरत घाबरत विचारले, "साहेब, याची दाद मी कुणाकडे मागू?" लांडगा हसून म्हणाला, "माझ्याकडेच माग. हुकूम काढणारा मी, तो बजावणारा मी आणि न्याय देणाराही मीच!" साळू निमूटपणे बाहेर पडली आणि पाणवठ्याजवळच्या उतारावर तिने दुसरे बीळ खणले.

असे एकेकाचे काहीतरी हिरावले जात राहिले. शेवटी साऱ्या प्राण्यांनी एकमताने ठरवले की, लांडग्याचा एकही हुकूम पाळायचा नाही. कुणी त्याच्यासाठी पहारा देईना, कुणी शिकारीची खबर आणीना. एकटा पडलेला लांडगा महिनाभराने नदी ओलांडून कायमचा निघून गेला. मग सगळे प्राणी एका मोठ्या ऐनाच्या झाडाखाली बसले. दोन महिने ते बोलत होते, भांडत होते, पुन्हा बोलत होते. अखेर ठरले ते असे : नियम सर्वांनी मिळून करायचे, ते अमलात आणायचे काम हत्तीने करायचे आणि तंटा झाला तर निवाडा म्हाताऱ्या कासवाने द्यायचा. कासवाला त्या जागेवरून हत्तीसुद्धा हलवू शकणार नव्हता. पहिलाच नियम झाला, "कुणाचेही घर कुणीही मोडायचे नाही."

वैशाखात ऊन असे तापले की, झरे आटले आणि एकच पाणवठा उरला. तहानेने कासावीस झालेला हत्ती एका दुपारी बिळांना वळसा घालणारी, ठरलेली लांबची वाट सोडून उतारावरून खाली धावला. त्याच्या पायाखाली साळूचे बीळ खचले. आत असलेल्या आपल्या दोन पिल्लांना तिने कसेबसे बाहेर ओढले म्हणून पिल्ले वाचली. "गप्प बैस बाई," कोल्हा तिला म्हणाला, "अगं, तो हत्ती आहे!" तरी साळू कासवाकडे गेलीच. कासवाने कोतवाल पक्ष्याला हत्तीकडे पाठवले आणि निरोप दिला, "तुमच्याविरुद्ध तक्रार आहे. उत्तर द्यायला या."

सारे अरण्य ऐनाखाली जमले. हत्ती आला तेव्हा जमीन हादरली. त्याच्यापुढे कासव एखाद्या गोट्याएवढे दिसत होते. कासवाने विचारले, "साळूचे बीळ तुमच्या पायाने मोडले का?" हत्ती म्हणाला, "हो. तहान लागली होती. पण वाट सोडली, ही चूक माझीच." कासव म्हणाले, "मग ते बीळ तुम्ही पुन्हा बांधून द्यायचे. आणि आठ दिवस सर्वांचे पाणी पिऊन झाल्यावर शेवटी पाणी प्यायचे." एवढे बोलून कासवाने मान कवचात ओढून घेतली. तेही मनातून घाबरले होते. हत्तीने एक पाऊल पुढे टाकले. साळूने डोळे मिटले. पण हत्ती हळूच गुडघ्यांवर बसला, त्याने सोंड जमिनीला टेकवली आणि तो म्हणाला, "निवाडा मान्य आहे. आजोबा, मान बाहेर काढा. तुम्ही घाबरलात, तर उद्या साळूने कुणाकडे जायचे?"

त्या संध्याकाळी कोल्ह्याने हत्तीला हळूच विचारले, "एका पायाखाली चिरडले असतेत त्या कासवाला. का ऐकलेत त्याचे?" हत्ती म्हणाला, "चिरडले असते, तर लांडगा गेला कशाला आणि मी आलो कशाला?" मग तो पाणवठ्याकडे गेला. तिथे हरणे पीत होती, ससे पीत होते, साळूची पिल्ले पीत होती. कोरड पडलेल्या घशाने तो प्रचंड हत्ती एका रानउंदराच्या मागे आपल्या पाळीची वाट पाहत शांत उभा राहिला. वानरिणीने आपल्या लेकराला उंच धरले आणि ती कुजबुजली, "नीट बघून घे, बाळा. असे या अरण्यात याआधी कधी कुणी पाहिले नव्हते."

तात्पर्य : जिथे सर्वांनी मिळून केलेला नियम सर्वांत बलवानालाही लागू होतो आणि न्याय देणारा त्याच्या मुठीत नसतो, तिथेच दुबळ्याला खरे स्वातंत्र्य मिळते.