वाटी बुडेपर्यंत

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की घड्याळ म्हणजे काय हे तेव्हा कुणाला ठाऊकच नव्हतं. लोक वेळ मोजायचे ती पाण्यावर.

डोंगराच्या पायथ्याला एक गाव होतं. गावाला पाण्याचा पाट एकच, आणि शेतं मात्र पुष्कळ. मग कुणी किती पाणी घ्यायचं? त्यासाठी पाटाच्या कडेला, कडुनिंबाखाली, पाण्याने भरलेलं एक मोठं घंगाळ असायचं. त्यात तांब्याची वाटी तरंगायची. वाटीच्या बुडाला एक बारीक भोक. त्यातून पाणी हळूहळू आत चढायचं, वाटी भरायची आणि बुडायची. बुडाली की घंटा वाजवायची. घंटा ऐकली की एका शेताचं दार बंद, दुसऱ्याचं उघडं. काम सोपं, पण नजर हलली की संपलंच. वाटी बुडालेली कळली नाही तर एकाचं शेत तुडुंब, दुसऱ्याचं कोरडं, आणि मग जी भांडणं लागायची ती काही विचारू नका!

ही वाटी राखायचं काम सगुणाकडे होतं. तिच्या आईकडून तिच्याकडे आलेलं. तिचा नवरा केरबा पाटाची दारं लावायचा, उघडायचा. कडुनिंबाखालचं त्यांचं खोपटंही या कामाबरोबरच आलेलं. पण गावाचा एक रिवाज होता. घरातलं मूल सात वर्षांचं झालं की पाडव्याच्या सकाळी साऱ्या गावासमोर त्याने एक वाटी राखून दाखवायची. कुणी त्याच्याशी बोलायचं नाही, त्याला खुणावायचं नाही. घंटा बरोबर वाजली तर काम त्या घरात राहणार. नाही वाजली, तर वाटीही दुसऱ्या घरी आणि खोपटंही.

आता सगुणाची लेक येसू येत्या पाडव्याला सात वर्षांची होणार होती. आणि येसू कशी होती म्हणता? गावाने तिचं नाव भिंगरी ठेवलं होतं, यातच काय ते समजा. फुलं वेचायला बसली की अर्ध्यात उठून फुलपाखरामागे. फुलपाखरू राहिलं बाजूला, की शेळीच्या करडामागे. जेवायला बसली तर दोन घासांत पसार!

सगुणाच्या जिवाला घोर लागला. या पोरीपायी आपलं घर जाणार, आणि वर सारं गाव तिला नावं ठेवणार. मग ती दिवसभर लेकीच्या मागे लागायची.

“येसू, इकडे ये! येसू, ते गोगलगायीचं सोड, आधी हे दाणे निवड! दाणे राहू दे, वेणी घालायची आहे! येसू, माझं ऐकतेस का? वाटीकडे बघ. बघतेस ना? अगं, बघ की!”

येसू बघायची. मग आई पुन्हा म्हणायची, “बघतेस ना?” आणि येसू वाटीकडे बघायचं सोडून आईकडे बघायची.

केरबा हसून म्हणायचा, “सगुणे, तुझा आवाज तिकडे खालच्या दारापर्यंत ऐकू येतो बघ. मला घंटेची गरजच नाही.”

“हसा तुम्ही!” सगुणा म्हणायची. “घर गेलं म्हणजे मग हसू या दोघं मिळून.”

शेवटी व्हायचं तेच झालं. ओरडून ओरडून बाईचा घसा बसला. आधी आवाज घोगरा झाला, मग पार गेलाच. वैदू आला, घसा बघितला आणि म्हणाला, “पौर्णिमेपर्यंत एक शब्द बोलायचा नाही. कुजबुजायचंसुद्धा नाही. बोललात तर आवाज कायमचा गेला म्हणून समजा.”

सगुणाच्या पायांखालची जमीनच सरकली. पाडवा तोंडावर आलेला, आणि आता पोरीला हाकही मारायची नाही!

पहिल्या दिवशी येसू अंगणात मनसोक्त हुंदडली. सगुणा उंबऱ्यावर बसून नुसती हात चोळत राहिली. दुसऱ्या दिवशी येसूला खोपटामागे एक जुनी वाटी सापडली. भोक झिजून मोठं झालेलं, म्हणून टाकून दिलेली. तिने ती बादलीत सोडली. वाटी बघता बघता बुडाली. येसूने टाळी वाजवली, वाटी काढली, पुन्हा सोडली. पुन्हा बुडाली. पुन्हा काढली.

चुलीवर भाकरी फुगली होती. सगुणाला सवयीने हाक मारायची होती, “येसू, चल जेवायला.” तोंड उघडलं, आणि वैदूचं बोलणं आठवून मिटलं. ती तव्यावरची भाकरी उतरवून दाराशी येऊन उभी राहिली.

येसू उकिडवी बसून, हनुवटी बादलीच्या काठावर टेकवून वाटीत बघत होती. किती वेळ? सगुणाच्या सगळ्या भाकऱ्या होऊन चूल विझली, तरी पोर तिथेच. मग आपणहून धावत आली आणि म्हणाली, “आई, वाटीच्या बुडाशी झरा आहे! इवलासा. भोकातून पाणी उसळतं ना, तो. आधी जोरात उसळतो, मग वाटी भरत आली की दमतो.”

इतकी वर्षं वाटी राखूनही सगुणाने त्या झऱ्याकडे कधी बघितलं नव्हतं. ती मटकन खाली बसली. तिला रडूच आलं. माझी पोर बघत नाही असं मी म्हणत होते, आणि ती बघायला लागली की तिला उठवत कोण होतं? मीच की!

त्या दिवसापासून सगुणाने एकच केलं. येसू कशात रमली की तिथून तिला उठवायचं नाही. भाकरी निवली तर निवली. रात्री मात्र ती जुन्या वाटीच्या भोकाला थोडं मेण लावायची, म्हणजे ते जरा बारीक होई. वाटी बुडायला थोडा जास्त वेळ लागे, आणि येसूही थोडा जास्त वेळ बसे. पोरीला पत्ताच नाही! तिला वाटलं, वाटीच आता आळशी झाली आहे.

पौर्णिमा सरली आणि आवाज परत आला. आता तर खरी कसोटी. जीभ हाताशी असताना गप्प बसायचं म्हणजे काय, ते आयांनाच विचारा! सगुणा पदराचं टोक दातांत धरून बसायची.

पाडवा उजाडला. सारं गाव कडुनिंबाखाली जमलं. उत्साहाच्या भरात पोरांनी पाटातून घागरी भरून आणल्या आणि घंगाळ काठोकाठ भरलं. गावचे थोरले बाबा घंगाळाशेजारी घोंगडीवर बसले. त्यांनी वाटी पाण्यावर सोडली आणि येसूला मानेने खूण केली. येसू घंगाळाच्या काठाशी बसली.

आणि नेमका त्याच वेळी, काय सांगू मंडळी, डमरू वाजवत माकडवाला आला! माकडाच्या अंगात लाल झगा, डोक्यावर टोपी. लोकांच्या माना तिकडे वळल्या. येसूचीही वळली. ती खुदकन हसली.

“येसू!” अशी हाक सगुणाच्या अगदी ओठांवर आली. तिने पदर तोंडात कोंबला आणि डोळे मिटून घेतले.

डोळे उघडले तर येसू पुन्हा वाटीत बघत होती. कुणी न सांगता, आपली आपण वळली होती.

माकड सासरी निघालं, रुसलं, कोलांट्या मारून दमलं. लोक हसून हसून बेजार. वाटी तरंगत होती. येसू मात्र आता पुढे वाकली होती, तिच्या कपाळाला आठी पडली होती. सगुणाला वाटलं, झालं, कंटाळली पोर.

तेवढ्यात येसू उठून उभी राहिली.

“बाबा,” ती म्हणाली, “झरा थांबला.”

लोक चपापले. कुणीतरी म्हणालं, “घ्या, भिंगरी उठली!”

“कुठला झरा, पोरी?” थोरल्या बाबांनी विचारलं.

“वाटीतला. मघाशी उसळत होता. आता पाणी आत येतच नाही. अशी वाटी संध्याकाळपर्यंत बुडायची नाही.”

बाबांनी वाकून बघितलं. वाटी अर्धीच भरलेली, आणि आतलं पाणी गप्प. त्यांनी ती उचलून उलटी केली. भोकाशी शेवाळाचा एक तंतू चिकटला होता. पाणी गाळून घ्यायचं कुणाला सुचलंच नव्हतं! खालच्या शेतात केरबा घंटेची वाट बघत उभा, तिथे एकाच वावरात पाणी धो धो चाललेलं. पलीकडच्या शेताचा मालक इथे माकडाला हसत होता. त्याचं हसू जागच्या जागी विरलं.

बाबांनी तो तंतू बोटाने काढून टाकला. मग म्हणाले, “बुडालेली वाटी कुणालाही दिसते. ही पोर न बुडणारी वाटी बघत होती. वाटी याच घरात राहील.”

सगुणाचा जीव भांड्यात पडला. तिला हसावं की रडावं कळेना, म्हणून तिने दोन्ही केलं.

येसूने मात्र बाबांचा सदरा ओढला. “पण बाबा, वाटी बुडालीच नाही. आता पाणी गाळून परत पहिल्यापासून बघू?”

सारं गाव हसलं. पाणी गाळून झालं, आणि बाबांनी वाटी पुन्हा पाण्यावर सोडली.

तोवर केरबा धापा टाकत वर आला. निकाल कळला तसा आनंदाने ओरडणारच होता, “येसू! अगं येसू!” पण सगुणाने पटकन त्याच्या तोंडावर हात ठेवला.

“थांबा,” ती हळूच म्हणाली. “ती बघते आहे.”

दोघं कडुनिंबाखाली शेजारी शेजारी गप्प बसून राहिली. मग केव्हातरी घंटा वाजली, अगदी वेळेवर.

तात्पर्य: मुलाचं लक्ष वाढवायचं असेल, तर ते जिथे लागलं आहे तिथून त्याला हाक मारून उठवू नका.