भुशाची परात

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. नक्की कधीची ते विचारू नका, मला सांगणाऱ्यालाही ठाऊक नव्हतं. राजवाड्याच्या उताराला एक सुतार राहत होता. त्याच्या हाताला अशी काही जादू होती की, लाकडाचे घोडे करावेत तर त्यानंच. वाड्यावरची पोरं त्या घोड्यांसाठी हट्ट धरून बसायची.

घरात त्याची बायको होती, दारात एक शेळी होती आणि दीडेक वर्षाची लेक होती, तानी.

आता गंमत बघा. तानी बापाच्या घोड्यांकडे ढुंकून बघायची नाही. तिला आवडायची आईची परात. आई त्या जुन्या परातीत रंध्याखालच्या कुरळ्या साली आणि मऊ भुसा टाकायची. त्यात चिंचोके लपवायची. वाळक्या घोसाळ्याची खरखरीत जाळी ठेवायची, एका वाटीत कोमट पाणी, दुसरीत माठातलं गार. तानी कोपरापर्यंत हात घालून बसायची. काही तोंडाकडे गेलं की आईचं बोट आधी तिथं हजर!

मग दोघींचा खेळ चालायचा. आई परातीपाशी तळहात मांडायची. तानी त्यावर चिमूटभर भुसा सोडायची. आई मूठ मिटून विचारायची, "कुठं गेलं?" आणि मूठ उघडली की तानी खदखदून हसायची. "कुठं?" एवढा एकच शब्द तिला बोलता यायचा.

सुताराला मात्र हे बघवायचं नाही. "अगं, राजाची पोरं माझ्या घोड्यासाठी रडतात आणि माझी लेक कचऱ्यात लोळते! लोक काय म्हणतील?"

"म्हणू द्या. लोकांची तोंडं कोण धरणार?" बायको हसून म्हणायची. "अहो, तुम्ही घटकाभर बसा ना इथं. हात मांडून बघा, ती काय देते ते."

"मला वेळ कुठं आहे? वाड्यावर घोडा पोचवायचाय."

असं ती रोज बोलवायची आणि असाच तो रोज जायचा.

पुढं काय सांगू? सांगवत नाही, पण सांगायला हवं. पावसाळा सरता सरता त्या माउलीला ताप भरला, तो उतरलाच नाही. ती गेली.

माणसं भेटायला येऊ लागली. अंगणातला पसारा बघून सुताराला लाज वाटली. त्यानं हातासरशी परात उचलली आणि तिच्यासकट सगळं उकिरड्यावर टाकलं. तानीनं रडून घर डोक्यावर घेतलं.

"थांब बाळे, तुला असा घोडा करतो की राजानंही बघितला नसेल!" तो म्हणाला. आणि केलाही. खऱ्या केसांची आयाळ, गळ्यात घुंगरू, हलणारे कान. तानीनं त्याच्याकडे पाठ केली. त्यानं घोड्याला चाकं लावली. तानीनं भात खायचं सोडलं. ती भिंतीशी बसून राहू लागली. तिचे गाल उतरले, तसा सुतार घाबरला. बायको गेली, आता लेकही हातची जाते की काय?

तेव्हा शेळी बोलली. हसू नका, त्या काळी शेळ्या बोलायच्या. आताही बोलत असतील, ऐकायला कुणाला सवड आहे?

"कारागिरा, घोडा छान झालाय हो. पण दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. पोर घोड्यासाठी रडतेय का? तिची परात दे तिला."

सुतार धावत उकिरड्यावर गेला. घोसाळ्याची जाळी ओलीनं कुजली होती. त्यानं परात घासली, ताजा भुसा भरला, लेकीपुढं ठेवली आणि सवयीनं पुन्हा रंध्याकडे वळला.

तानीनं हळूच हात घातला. चिमूट भरली. आई बसायची त्या बाजूला हात नेला आणि चिमूट सोडली. भुसा जमिनीवर पडला. तिनं जमिनीकडे पाहिलं, मग वर पाहिलं.

"कुठं?" ती म्हणाली.

पुन्हा चिमूट. पुन्हा जमीन. "कुठं?"

सुतारानं रंधा खाली ठेवला. तो येऊन बसला, त्यानं आपला तळहात त्या जागी मांडला. तानीनं तो राकट, घट्टे पडलेला हात बराच वेळ न्याहाळला. मग मूठ छातीशी घेतली आणि काही दिलं नाही.

तो दुसऱ्या दिवशीही बसला. तिसऱ्याही. वाड्यावरून माणूस येऊन ओरडून गेला, तरी उठला नाही. तानी त्याच्या हातून दोन घास खाऊ लागली, पण भुसा काही देईना. आणि एका संध्याकाळी, अगदी सहज, तिनं त्याच्या तळहातावर एक चिमूट सोडली.

पण पुढं काय करायचं? ते बिचाऱ्याला ठाऊकच नव्हतं! एवढ्या दिवसांत एकदाही त्यानं तो खेळ बघितला नव्हता. हात तसाच उघडा ठेवून तो रडू लागला.

तानी थांबली. वाट पाहिली. मग आपल्या इवल्या हातांनी तिनं बापाचं एकेक बोट मिटलं आणि विचारलं, "कुठं?"

त्यानं मूठ उघडली. भुसा तिथंच होता. तानी जराशी हसली आणि मग मान वळवून दाराकडे बघत राहिली.

तानी जगली, मोठी झाली. त्या सुंदर घोड्याच्या मानेला पुढं शेळीचं दावं अडकवलं जायचं. सुतार रोज संध्याकाळी परातीपाशी बसायचा, आणि ज्या जागेवरून बायको त्याला बोलवायची ती शेजारची जागा त्याला रोज रिकामी दिसायची.

म्हणून सांगतो, लेकराच्या हाती खेळणं देणं सोपं असतं. पण त्याच्या खेळात आपला हात मांडावा लागतो, आणि तोही वेळेवर.